मास्तरांनी दाखवलेला समुद्र

नकाशासमोर उभं राहून कुणी "वर हिमालय" म्हटलेलं मास्तरांना खपत नसे. "वर आकाश आहे," ते म्हणत. "हिमालय उत्तरेला आहे. नकाशा भिंतीला टांगला म्हणून देश उभा राहत नाही." एवढं बोलून ते थांबत नसत. खिळ्यावरचा नकाशा काढून वर्गाच्या मधोमध जमिनीवर अंथरत, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावत आणि धोतराचा सोगा खोचून अनवाणी त्या नकाशावर चालायला लागत. पोरं भोवती कोंडाळं करून उभी. मास्तर कराचीला निघाले की राजपुतान्याच्या वाळवंटात टाचा उचलून चालत, गंगेच्या खोऱ्यात पाय चिखलात रुतल्यासारखे ओढत, आणि कलकत्त्याला पोचले की कपाळावरचा घाम पुसत. तो घाम खरा असे.

मी कराडला त्या हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा लढाई सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला मास्तरांच्या भूगोलाच्या तासाला पाठवलं. कारण मास्तरांना रेघ काढता येत नसे. त्यांनी फळ्यावर काढलेली आफ्रिका वांग्यासारखी दिसे आणि त्यावर पोरं हसत. मग ते माझ्या पाठीमागे उभे राहून सांगायचे आणि मी काढायचो. "अहो चित्रकार, किनारा असा गुळगुळीत नको. उंदराने भाकरी कुरतडलीय असा काढा. तिथे लाटा आहेत, हजारो वर्षं कुरतडतायत."

त्यांच्याच घरी मला राहायला खोली मिळाली आणि जेवणही त्यांच्याकडेच. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. मास्तर मूळचे सांगलीकडचे. काळा कोट, खिसे कायम फुगलेले. त्यात दगड, रेती, कुठल्यातरी बांधावरची माती. नवी माती दिसली की जिभेला लावून बघत. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, संधिवातानं असं धरलं होतं की त्यांना दोन पावलं टाकता येत नसत. सकाळी मास्तर त्यांना उचलून चुलीपाशी बसवत, शाळेतून आले की उचलून पडवीत आणत. काकू बसल्या जागेवरून सगळा स्वयंपाक करत आणि बसल्या जागेवरून मास्तरांचं बोलणं तोडत.

"हे मीठ मिठागरातलं, ही लवंग झांजीबारची, हिंग काबूलचा," मास्तर ताटावर बसले की सुरू होत. "आपण जेवायला बसत नाही, जग आपल्याकडे जेवायला येतं."

"येऊ दे," काकू म्हणत. "येताना सरपण घेऊन ये म्हणावं."

माणूस सगळ्या पृथ्वीबद्दल बोलायचा आणि उत्तरेला साताऱ्याच्या, दक्षिणेला कोल्हापूरच्या पुढे गेला नव्हता. काकूंना टाकून एक रात्र बाहेर काढणं शक्य नव्हतं. घाट उतरला की कोकण, पण तो घाटही त्यांनी उतरला नव्हता. हे मला कळलं ते त्यांचा समुद्राचा तास ऐकल्यावर, आणि कळल्यावर मी थक्क झालो.

त्या तासाला ते घरून सूप घेऊन आले होते. सुपात पसाभर ज्वारी. पोरांना डोळे मिटायला सांगितले. प्रत्येकाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. आणि मग सूप हळूच एका अंगाला कलतं करून ते ज्वारी ओघळू देऊ लागले. सुपाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला, पुन्हा मागे. सर्र करून लाट आली, थांबली, परत गेली. मधे मधे मास्तर हलक्या आवाजात बोलत होते, होडीवाल्यांबद्दल, भरतीबद्दल, वाळूत बिळं करून राहणाऱ्या खेकड्यांबद्दल. सगळा वर्ग मिटल्या डोळ्यांनी झुलत होता. मी रत्नागिरीचा समुद्र पाहिलेला माणूस, पण मलाही तोच समुद्र खरा वाटायला लागला.

मागच्या बाकावरून प्रश्न आला. "सर, दर्याचा पल्याडचा काठ दिसत न्हाई म्हनता. मग मानूस बघतो कशाकडं?"

विचारणारा ज्ञानू. कोयनेपलीकडे मलकापूरच्याही पुढे त्याचं गाव. रोज अनवाणी चालत यायचा. उंच, काटक, वर्गात फारसा न बोलणारा पोरगा. घरी थोडा ऊस, थोडी ज्वारी. बापाला वाटे, पोरगं मॅट्रिक होईल आणि तलाठी होईल.

मास्तरांनी सूप खाली ठेवलं. जरा विचार केला. "आकाश जिथे पाण्याला टेकतं तिथे बघतो," ते म्हणाले. "तिथे एक रेघ असते. आपण पुढे गेलो की ती रेघ मागे सरकते. त्यामुळे बघायचं कधी संपत नाही."

ज्ञानू हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी पडवीत मी विचारलं, "मास्तर, तुम्ही कुठला समुद्र पाहिलात?"

"मी? कुठलाच नाही." त्यात त्यांना लाजण्यासारखं काही वाटलं नाही. "तुम्ही गणपती काढता, तो कुठे बघून काढता?"

मग पलटणीचे भरतीवाले येऊ लागले. बाजाराच्या दिवशी नदीकडच्या मोकळ्या जागेत बँड वाजायचा, एक सुभेदार खुर्चीवर उभा राहून बोलायचा, पगार सांगायचा, खाणंपिणं सांगायचा. आमच्या बाजूला पलटणीत जाणं नवं नव्हतं. गावोगाव एखाद्या तरी घरात पेन्शनीचा माणूस असे. पण शाळेतली पोरं त्या खुर्चीभोवती दिसायला लागली ती त्या दिवसांत.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ज्ञानू पडवीत येऊन उभा राहिला. केस बारीक कापलेले. "सर, भरती झालो. परवा बेळगावला जायाचं. तिथनं म्होरं जहाजानं पाठवत्यात म्हनं."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा जत्रेला निघालेल्या लहान मुलासारखा झाला होता. "जहाजाने! कुठल्या बंदरातून?"

"ते सांगत न्हाईत."

"बरं, जिथून निघशील तिथून. हे बघ, वारा कुठल्या अंगाने येतो ते बघत जा. माती बघ. लोक काय खातात, घरं कशाची बांधतात, ते सगळं लिहून कळव."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी विळी बाजूला केली. "घरी सांगितलंयस का रे?"

ज्ञानू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

"वय काय सांगितलंस त्यांना?"

"अगं, त्याला जाऊ दे," मास्तर म्हणाले. "एवढी पृथ्वी पडलीय. त्याला तरी बघू दे."

काकूंनी विळी पुन्हा पुढे ओढली. ज्ञानू दोघांच्या पाया पडला आणि गेला. मास्तर त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तो वळेपर्यंत त्याला काहीबाही सांगतच होते.

बेळगावहून एक कार्ड आलं, मग बऱ्याच दिवसांनी जहाजावरून लिहिलेलं एक पत्र. मधल्या काही ओळी सरकारने काळ्या केलेल्या. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. ज्ञानूने लिहिलं होतं की दर्या निळा नाही, सकाळी शिशासारखा आणि दुपारी काळा असतो. पोरं ओकून ओकून मेल्यासारखी पडलीत. मी मात्र कठड्याशी बसून ती रेघ बघतो. तुम्ही म्हणालात तशी ती खरंच मागे सरकते.

शेवटचं वाक्य मास्तरांनी दोनदा वाचलं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पुढच्या बाजाराला त्याच वर्गातली आणखी काही पोरं भरती झाली.

नंतर एके दिवशी भरतीचा जमादार स्वतः शाळेत आला. हेडमास्तरांच्या खोलीत आम्हा सगळ्यांना चहा दिला. जमादार आमच्याच भागातला, मिशीवर हात फिरवणारा, मोकळा माणूस. मास्तरांकडे बघून म्हणाला, "तुमच्या वर्गातली पोरं लय सोपी बगा, मास्तर. दुसरीकडं आमाला पगार सांगाया लागतो, युनिफारम दावाया लागतो. तुमची पोरं येत्यात आन एकच इचारत्यात, सायेब, जहाज कवा सुटतं?"

हेडमास्तर हसले. मास्तरही हसले. त्यांच्या कपातला चहा मात्र तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी ते काकूंना सांगितलं. गमतीची गोष्ट सांगावी तसंच सांगायला सुरुवात केली, पण शेवटाला हसले नाहीत. काकू म्हणाल्या, "मी त्या दिवशी विचारलं होतं." एवढंच. त्या दिवशी ताटातलं मीठ कुठलं आणि हिंग कुठला, यावर कुणी बोललं नाही.

बेचाळीस साल उजाडलं. गावात वेगळंच वारं. वर्ग ओस पडायचे, प्रभातफेऱ्या निघायच्या, पोरांना लाठ्या बसायच्या. सरकारच्या पलटणीत जाणं म्हणजे देशाशी बेइमानी असं आता उघड बोललं जाऊ लागलं. एका सकाळी शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं, 'भरतीमास्तर'. शिपाई ते पुसायला गेला तर मास्तर म्हणाले, "राहू दे." ते ऊनपावसाने आपोआप पुसट होईपर्यंत तिथेच होतं आणि मास्तर रोज त्याच्या बाजूने शाळेत शिरत. ज्यांची पोरं पलटणीत होती ते लोक त्यांच्याशी बोलत नसत, आणि ज्यांची पोरं तुरुंगात होती तेही बोलत नसत.

त्याच साली पावसाळा सरताना ज्ञानूचे वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. मास्तरांचा तास चालू होता आणि मी फळ्यावर कुठलासा नकाशा काढत होतो. आबांनी पायताणं दाराबाहेर काढली, घोंगडं खांद्यावरून खाली घेतलं आणि आत येऊन उभे राहिले. हातात सरकारी तार. ती त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली होती. ज्ञानू बेपत्ता, ब्रह्मदेशात.

"मास्तर," आबा म्हणाले, "तुमी त्याला दावलं हुतं. आता मला दावा, त्यो कुठं हाय."

पोरं आपोआप उठून बाजूला झाली. मास्तरांनी आशियाचा नकाशा काढला, जमिनीवर अंथरला. ब्रह्मदेशावर बोट ठेवलं. आबा उकिडवे बसले आणि त्यांनी आपला पंजा तिथे टेकवला. रापलेला, भेगाळलेला तो पंजा बरोबर ब्रह्मदेशाएवढा होता.

"येवढाच तर हाय मुलूख," ते म्हणाले. "मग घावत कसा न्हाई?"

मास्तर सांगायला लागले. हा मुलूख दिसतो तेवढा नाही. डोंगर आहेत. सह्याद्रीसारखे, एकापाठी एक. जंगल असं की दुपारी अंधार. पाऊस महाबळेश्वरासारखा. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच काय ऐकू आलं कुणास ठाऊक, ते थांबले.

"वाट हाय का तितनं माघारी यायला? चालत?"

मास्तरांनी नकाशाकडे पाहिलं. मग आबांकडे.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

त्या वर्गाने हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

आबांनी पंजा उचलला, कागदाला माती लागली असेल म्हणून उपरण्याने नकाशा पुसला. उठताना म्हणाले, "ज्ञानू म्हनायचा, आमच्या मास्तरास्नी समदं ठावं हाय." त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मास्तर मला नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नकाशा भिंतीवरच राहिला. मास्तर खुर्चीवर बसून पुस्तक उघडत आणि वाचत. ब्रह्मदेश. राजधानी रंगून. मुख्य पीक भात. मुख्य नदी इरावती. पोरांनी लिहून घ्यायचं, पाठ करायचं. कुणी "वर हिमालय" म्हटलं तरी ते काही बोलत नसत. त्या वर्षी इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी शेरा दिला की भूगोलाचं अध्यापन आता शिस्तीत चाललं आहे. परीक्षेचा निकालही चांगला लागला. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर मास्तरांचं कौतुक केलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते.

दर रविवारी मात्र ते ज्ञानूच्या गावाला जाऊ लागले. काकूंचं सगळं आवरून, त्यांना पडवीत बसवून, पुलावरून पलीकडे. कधीकधी मीही बरोबर जायचो. घराच्या ओट्यावर बसायचं. आबा गुळाचा चहा द्यायचे, उसाबद्दल बोलायचे, म्हशीबद्दल बोलायचे. ज्ञानूचा विषय कुणी काढत नसे. आतलं दार बोटभर उघडं असे. त्याच्या फटीत हिरव्या लुगड्याचा काठ दिसे. ज्ञानूची आई तिथे उभी असे, आम्ही उठेपर्यंत. पण ती कधी बाहेर आली नाही आणि एक शब्द बोलली नाही.

"ती मला शाप देत असेल," परतताना मास्तर म्हणत.

"मग का जाता?"

"न जाऊन कसं चालेल?"

असे कितीतरी रविवार गेले. लढाई संपली. पोरं परतू लागली. काही लंगडत, काही नवी घड्याळं घालून. आबा कराडच्या स्टेशनावर जाऊन उभे राहायचे, असं कुणीकुणी सांगायचं.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात एक शिपाई आला. ज्ञानूच्या शेजारच्या गावचा. अंगावर मांस नव्हतं, डोळे पिवळे. लिंबाच्या झाडाखाली मास्तर आणि मी उभे होतो. तो आमच्याकडे न बघता बोलत होता.

ब्रह्मदेशातून माघार घेताना दोघं बरोबर होते. गाड्या मागेच टाकल्या होत्या. डोंगरातून चालत निघाले ते पाऊस सुरू झाला. गोळी नाही, बाँब नाही. ज्ञानूला हगवण लागली. चालवेना, तर ह्याने काही अंतर पाठीवर घेतलं. मग ह्यालाच ताप भरला. एका ओढ्याच्या काठी ठेवला त्याला.

"त्या ओढ्याला नाव काय?" मास्तरांनी विचारलं.

"नाव कुठलं, मास्तर. असले किती वलांडले." शिपायाने तोंडावरून हात फिरवला. "पानी मागत हुता. मरणाचा पाऊस चाललेला, समदं आंग भिजलेलं, आन पानी मागत हुता. मग गप झाला. वर झाडाचा पाला टाकला आन म्होरं निघालो. थांबलो असतो तर मीबी तितंच ऱ्हायलो असतो."

"घरी सांगितलंस?"

"मला न्हाई जमायचं. आबा स्टेशनावर भेटलं हुतं. मला बघून पळत आलं. मी म्हनलं, आमी एका पलटणीत नव्हतो." तो रडायला लागला. "तुमी मास्तर हाय. तुमी सांगा."

काकूंचं म्हणणं पडलं की सांगू नये. "बेपत्ता म्हणजे अजून जिवंत आहे त्याच्या आईच्या लेखी. त्या आशेवर ती उठतेय, शेणी लावतेय, भाकऱ्या थापतेय. ते काढून घेऊन तुम्ही तिला काय देणार?"

मास्तर पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. "मी त्याला जगाचं अर्धंच दाखवलं," ते म्हणाले. "उरलेलं अर्धं मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मग ते मी एकट्याने ठेवून घेऊ?"

काकूंनी तोंड फिरवलं. पण रविवारी सकाळी त्यांनीच मला हाक मारून सांगितलं, "ह्यांच्याबरोबर जा. त्यांना एकटं पाठवू नका."

मास्तर त्या दिवशी ओट्यावर बसले नाहीत. अंगणात उभे राहून त्यांनी आबांना हात जोडले आणि म्हणाले, "आबा, आईंनाही बोलवा." आबांच्या हातातला दोर गळून पडला. काय ते त्यांना तिथेच कळलं. आतलं दार उघडलं आणि ज्ञानूची आई बाहेर आली. लहानखुरी बाई, केस पांढरे झालेले. ती उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली. मास्तरही तिच्यासमोर मातीत बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. हगवण सांगितली, पाठीवर घेतलेला सांगितला, पाणी मागितलेलंही सांगितलं. आबा खांबाला धरून उभ्यानेच हुंदके देत होते. आई रडली नाही. मास्तर थांबल्यावर ती विचारायला लागली, आणि ती एकेक विचारत गेली तसतशी माझी मान खाली गेली.

"झाड हुतं तितं? सावलीचं?"

"होतं. दाट झाडी आहे तिथे."

"जिमीन कशी? खडकाळ?"

"नाही. मऊ. पालापाचोळ्याची."

"त्यो वढा कुठं जातो?"

"मोठ्या नदीला मिळतो. नदी दर्याला जाते. पूर्वेच्या दर्याला."

"आन आपली कोयना?"

"कोयना कृष्णेला मिळते," मास्तर म्हणाले. "कृष्णा पूर्वेच्या दर्याला जाते."

"त्योच दर्या?"

"तोच."

ती नदीच्या अंगाला बघत राहिली. तिथून नदी दिसत नव्हती, उसाचे तुरे दिसत होते. मग पदर सावरून ती उठली आणि मास्तरांकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

"तुमी सांगितलंसा, बरं केलंसा. पर आता येऊ नका, मास्तर. तुमी ऐतवारी दारात दिसलासा की वाटायचं, कायतरी कळलंय, सुखरूप हाय म्हनून सांगाय आलासा. म्हनून मी फटीत हुबी ऱ्हायची. त्याच्यावर एवढी वरसं काढली. आता तुमास्नी बघितलं की ह्योच दिस दिसंल मला."

परतताना पुलावर मास्तर कठड्याला धरून थांबले. "ती मला शाप देत नव्हती," ते म्हणाले. मग कठडा सोडून चालायला लागले.

देह नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा करून आबांनी नदीवर सगळं उरकलं. मी गेलो होतो. मास्तर गेले नाहीत.

त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि काकूंना घेऊन ते सांगलीला काकूंच्या भावाकडे गेले. त्यांच्या जागी भूगोल मलाच मिळाला, नकाशे काढता येतात म्हणून. काकू तिथे वर्षभरातच गेल्या.

स्वातंत्र्य आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात मी सांगलीला गेलो असताना त्यांना शोधून काढलं. हळदीच्या वखारीत ते पोती मोजायला बसत. कोट तोच, पण बाह्यांपर्यंत पिवळा झालेला. खिसे रिकामे. मला बघून त्यांना आनंद झाला. बरंच काही विचारलं, शाळेचं, हेडमास्तरांचं. आता त्यांना बांधून ठेवणारं कुणी नव्हतं, घाट उतरून कुठेही जाता आलं असतं. पण तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं.

"तिकडे जाता कधी? ज्ञानूच्या गावाला?"

"जातो. आबा भेटतात बाजारात."

"आई कशी आहे?"

"बरी आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. आताशा तिला काही दिसत नाही."

मास्तर हाताला लागलेली हळद चोळत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी तिथे नुसता येऊन बसलो, बोललो नाही, तर तिला कळणार नाही."

मी उठता उठता पुन्हा बसलो.

"चालेल का हो? एकदाच."

पुढच्याच आठवड्यात ते आले. उतरले माझ्याकडेच. भर उन्हाचे आम्ही चालत गेलो. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी मास्तरांना ओळखलं, तोंड उघडलं आणि मी हात जोडल्यावर मिटलं. सरकून जागा करून दिली. मास्तर बसले. कुणी बोललं नाही.

आतून भिंत चाचपत आई आली. "कोन आलंय?"

"पावनं हायती," आबा म्हणाले. "कराडचं. तांब्या भरून आन."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन भिंतीच्या आधाराने आली. मी पुढे होऊन घेणार होतो, पण ती माझ्या बाजूने पुढे गेली, मास्तरांच्या समोर थांबली आणि वाटी पुढे केली.

"उनाचं आलासा," ती म्हणाली. "नुसतं पानी पिऊ नका, मास्तर. आदी गुळाचा खडा घ्या."